दीड वर्षाच्या बाळाचं ‘बोन एज’: सोनोग्राफी कुठे पुरते, कुठे नाही

बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर खाली कोपऱ्यात ‘बोन एज’ असे दोन शब्द लिहिलेले असतात आणि घरी पोचेपर्यंत त्यावरून चर्चासत्र सुरू झालेलं असतं. बाळ जेमतेम दीड वर्षाचं. उंची भरत नाही म्हणून दाखवायला नेलं, तर डाव्या हाताचा एक्स-रे काढून आणा म्हणाले. आजी म्हणते, याचा बापही असाच होता, दहावीनंतर ताडमाड वाढला. आत्याने तोवर मोबाइलवर शोधून काढलेलं असतं की हाडांचं वय हल्ली सोनोग्राफीवरही कळतं. मग एवढ्याशा पोराला एक्स-रे कशाला?

आत्याचं अर्धं बरोबर आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळात एक्स-रेला न दिसणारं बरंच काही सोनोग्राफीला दिसतं. मात्र सोनोग्राफी निवडायची ती एवढ्यासाठी. रेडिएशनच्या भीतीपोटी नव्हे. हा फरक लक्षात न घेता ‘आम्हाला सोनोग्राफीच हवी’ असा हट्ट धरला, तर बऱ्याचदा दोन्ही चाचण्या होतात, पैसे दोनदा जातात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

आधी हाडांचं वय म्हणजे काय ते पाहू. जन्मलेल्या बाळाच्या लांब हाडांचा मधला दांडा हाडाचा असतो, पण दोन्ही टोकं कूर्चेची असतात. आपल्या कानाचा वरचा भाग जिच्यामुळे ताठ राहतो, तीच कूर्चा. या टोकांच्या आत ठरावीक क्रमाने हाडाचे छोटे ठिपके उमटतात. डॉक्टर त्यांना अस्थिकेंद्रं म्हणतात. ठिपका वाढतो, आकार घेतो, टोक व्यापतो आणि वयात येण्याच्या शेवटी दांड्याला सांधला जातो. क्रम बहुतेक सगळ्या मुलांत सारखाच असतो, वेग मात्र प्रत्येकाचा वेगळा. थायरॉइड, वाढीचं हॉर्मोन, पोषण, दीर्घ आजार आणि पुढे लैंगिक हॉर्मोनं यांवर तो ठरतो. हाडांचं वय म्हणजे या वेगाची नोंद. दोन वर्षांच्या मुलाचं हाडांचं वय सव्वा वर्ष आलं, तर त्याचा सांगाडा सध्या सव्वा वर्षाच्या मुलाइतका तयार आहे. मूल आजारी आहे असं त्यावरून ठरत नाही. उशिरा वाढणाऱ्या घराण्यातल्या निरोगी मुलाचंही हाडांचं वय मागे असतं, आणि थायरॉइड कमी असलेल्या मुलाचंही. म्हणून आजीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, पण ते निदानही समजू नका.

हे वय ठरवायची जगभर रुळलेली रीत म्हणजे डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक एक्स-रे. तो ग्रॉयलिक आणि पाइल यांच्या चित्रसंग्रहाशी ताडून पाहतात. पहिली आवृत्ती १९५० ची, सुधारित १९५९ ची. त्यातल्या फिल्म अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांच्या, त्याही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आणि आसपासच्या काळातल्या. आज पुण्यात किंवा नागपुरात रिपोर्ट लिहिणारे बहुतेक रेडिओलॉजिस्ट याच पुस्तकाशी तुलना करतात. टॅनर आणि व्हाइटहाउस यांची एकेका हाडाला गुण देण्याची दुसरी पद्धत आहे. ती जास्त काटेकोर, पण वेळखाऊ. मापदंड परक्या मुलांचा आहे, हे रिपोर्टमधला आकडा वाचताना मनाच्या एका कोपऱ्यात असू द्यावं.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत अडचण निराळीच आहे. जन्माच्या वेळी मनगटात सहसा एकही अस्थिकेंद्र नसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत कॅपिटेट आणि हॅमेट या दोन हाडांचे ठिपके येतात. त्यानंतर बराच काळ हातात नवं काही घडतच नाही. मनगटाजवळ रेडियस या पुढच्या हातातल्या हाडाच्या टोकाचं केंद्र येतं ते वर्षाच्या आसपास, मुलींत थोडं आधी, मुलांत थोडं नंतर. बोटांची केंद्रंही साधारण तेव्हापासून दिसू लागतात. म्हणजे चार महिन्यांच्या आणि नऊ महिन्यांच्या बाळाची फिल्म शेजारीशेजारी ठेवली, तर दोन्हींत तेच दोन ठिपके, थोडे लहान-मोठे. अशा फिल्मवरून ‘हाडांचं वय सहा महिने’ असा रिपोर्ट आला, तर तो आकडा फार गंभीरपणे घेण्यात अर्थ नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या हाताचा एक्स-रे सांगितला असेल, तर ‘यातून नक्की काय कळणार?’ असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. त्यांच्या मनात मुडदूस किंवा हाडांच्या घडणीतला जन्मजात दोष असेल, तर एक्स-रे बरोबरच आहे. फक्त वय काढायचं असेल, तर हात ही जागाच चुकीची.

मग पाहायचं कुठे? पहिली जागा गुडघा. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकातलं केंद्र गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतं आणि नडगीच्या वरच्या टोकातलं पूर्ण दिवस भरण्याच्या सुमारास. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत मृत अर्भक पूर्ण महिन्याचं होतं की नाही, याची खूण म्हणून गुडघ्याचं हे केंद्र फार पूर्वीपासून शिकवलं जातं. पूर्ण दिवस भरलेल्या नवजात बाळाच्या गुडघ्यात ते नसेल, तर पोटात असतानाच हाडांची वाढ रेंगाळली होती असा त्याचा अर्थ. आणि याचं सर्वांत महत्त्वाचं कारण जन्मजात थायरॉइडची कमतरता.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या विषयात खरी घाई फक्त इथेच असते. भारतात साधारण हजार-बाराशे जन्मांमागे एका बाळात थायरॉइड जन्मतः कमी असतं. बाळ दिसायला छान असतं, शांत असतं, ‘आमचं बाळ रडतच नाही’ असं कौतुकही होतं. उपचार लांबले तर मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो. म्हणून जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच हे थायरॉइडशी संबंधित हॉर्मोन तपासतात आणि कमतरता पक्की झाली की पहिल्या दोन आठवड्यांतच लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी सुरू करतात. सुरुवातीचा डोस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० ते १५ मायक्रोग्रॅम. गोळी चमच्यात चुरून, थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून देतात. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या औषधाबरोबर देत नाहीत. अशा बाळाच्या गुडघ्यातली केंद्रं पाहिली, तर कमतरता पोटात असताना किती खोल होती याचा अंदाज येतो, आणि त्यासाठी गुडघ्याची सोनोग्राफी उत्तम चालते. पण नीट समजून घ्या: ही तपासणी निदान करत नाही. निदान रक्ताने होतं. ‘आधी सोनोग्राफी होऊ दे, मग गोळी सुरू करू’ असं कोणी म्हणत असेल, तर गोळी आज सुरू करा आणि सोनोग्राफी उद्या.

आता सोनोग्राफीला दिसतं काय ते जवळून पाहू. एक्स-रेला कूर्चा दिसत नाही. तिच्यातून किरण आरपार जातात, म्हणून फिल्मवर बाळाच्या गुडघ्याच्या जागी नुसती पोकळी दिसते आणि हाडं हवेत तरंगल्यासारखी वाटतात. ध्वनिलहरींचं तसं नाही. कूर्चा पाणीदार असल्याने लहरी तिच्यात शिरतात आणि पडद्यावर अख्खं टोक गडद करड्या रंगाचं, बारीक ठिपक्यांचं दिसतं. त्याच्या मधोमध अस्थिकेंद्र सुरू झालं असेल तर पांढराशुभ्र ठिपका चमकतो. आधी मोहरीएवढा, मग मसुराएवढा, आणि जसजसा मोठा होतो तसतशी त्याच्यामागे काळी सावली पडते, कारण हाडातून लहरी पलीकडे जात नाहीत. ठिपका आहे की नाही आणि आहे तर त्याचा व्यास किती मिलिमीटर, एवढी दोन उत्तरं तान्ह्या बाळाच्या बाबतीत पुष्कळ काही सांगून जातात.

बाळाच्या खुब्यासाठी तर हे तंत्र चार दशकांपासून रुळलेलं आहे. ऑस्ट्रियाचे अस्थिशल्यचिकित्सक राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये अर्भकाचा खुबा सोनोग्राफीने तपासायची पद्धत मांडली, ती याच बळावर. मांडीच्या हाडाच्या डोक्यातलं अस्थिकेंद्र साधारण चार ते सहा महिन्यांचं बाळ असताना उमटतं, आणि सोनोग्राफीला ते एक्स-रेच्या काही आठवडे आधी दिसतं. हाडांच्या वयासाठी या मुद्द्याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. सोनोग्राफीला ठिपका लवकर दिसतो, पण तुलनेची कोष्टकं बहुतेक एक्स-रेवरून तयार झालेली. सोनोग्राफीतला ठिपका एक्स-रेच्या कोष्टकात बसवला, तर बाळाचं हाडांचं वय आहे त्यापेक्षा किंचित जास्त येऊ शकतं. रिपोर्टवर ‘कोणत्या मापदंडाने’ हे लिहिलेलं असावं, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

जुनी एक युक्तीही सोनोग्राफीमुळे पुन्हा उपयोगी पडते आहे. सॉन्टॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये एक साधी रीत मांडली होती: बाळाच्या डाव्या अर्ध्या अंगातली दिसणारी सगळी अस्थिकेंद्रं मोजायची, खांदा, कोपर, हात, खुबा, गुडघा, पाऊल, सगळी. जन्मापासून पाच वर्षांपर्यंत ही संख्या सतत वाढत जाते, त्यामुळे नुसत्या हातापेक्षा ही मोजणी लहान वयात जास्त बोलकी. पण इतके एक्स-रे कोण काढणार? सोनोग्राफीचा प्रोब मात्र खांद्यावरून कोपरावर, तिथून गुडघ्यावर, पावलावर सहज फिरवता येतो. ‘पेडियाट्रिक रेडिओलॉजी’ या नियतकालिकात २०१५ मध्ये १ ते २४ महिन्यांच्या निरोगी बालकांत साध्या, नेहमीच्या सोनोग्राफी यंत्राने हाडांचं वय पाहण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वयाची ही मर्यादा मला महत्त्वाची वाटते. या तंत्राचा खरा प्रांत हाच, पहिली दोन वर्षं. जास्तीत जास्त तीन.

शाळकरी मुलांसाठी वेगळं, स्वयंचलित सोनोग्राफी यंत्रही निघालं होतं. मनगटाच्या दोन्ही बाजूंना दोन प्रोब, मधल्या भागातून ध्वनी किती वेगाने जातो ते मोजायचं आणि त्यावरून थेट वयाचा आकडा. कूर्चेत ध्वनी सावकाश जातो, हाडात वेगाने, हे त्यामागचं तत्त्व. कल्पना सुरेख, पडद्यावर लगेच आकडा येणार, वाचणाऱ्याच्या नजरेचा प्रश्नच नाही. पण २००९ मध्ये ‘जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स’मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात उलटंच दिसलं: ज्यांचं हाडांचं वय मागे होतं त्यांचं या यंत्राने पुढे ढकललं आणि ज्यांचं पुढे होतं त्यांचं मागे ओढलं. म्हणजे ज्या मुलांसाठी चाचणी करायची, नेमकी त्यांनाच ते सरासरीच्या जवळ दाखवत होतं. एक्स-रेची जागा हे यंत्र घेऊ शकत नाही, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. कुठे ‘रेडिएशनविना दोन मिनिटांत हाडांचं वय’ अशी जाहिरात दिसली तर एवढं आठवावं.

रेडिएशनचा हिशेबही एकदाच करून टाकू, म्हणजे भीती जागेवर बसेल. हाताच्या एका एक्स-रेत मिळणारी मात्रा साधारण एक मायक्रोसीव्हर्ट किंवा त्याहून कमी. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण मिळून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतातच. या हिशेबाने एक फिल्म म्हणजे चार तासांचं नेहमीचं जगणं. मुंबईहून दिल्लीला विमानाने गेलात तर बाळाला याहून जास्त मिळतं, आणि मावशीच्या लग्नाला जाताना तो हिशेब कोणी करत नाही. उगाच एक्स-रे काढावा असं मी म्हणत नाही. गरज असेल तर टाळू नये, एवढंच. खबरदारी घ्यायची ती बाळाला धरणाऱ्याची: ती व्यक्ती गरोदर नसावी आणि तिने शिशाचा एप्रन घालावा. केंद्रावर एप्रन मागून घ्या. खुंटीवर लटकलेला असतो, द्यायचा राहून जातो.

तर मग कोणत्या बाळाला काय? जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेत हाडं किती मागे आहेत हे पाहायला नवजात बाळाचा गुडघा, इथे सोनोग्राफी पुरते. सहा महिने ते दीड-दोन वर्षांच्या बाळाची लांबी वाढीच्या तक्त्यातल्या रेषेखाली घसरते आहे, बाकी तपासण्यांत काही नाही आणि डॉक्टरांना हाडांच्या वेगाचा ढोबळ अंदाज हवा आहे, इथेही जाणकार रेडिओलॉजिस्ट असेल तर सोनोग्राफी चालते. एकाच बाळाचं पुन्हा पुन्हा पाहायचं असेल तर ती सोयीचीही. पण पाय बाकदार आहेत, मनगटं जाड वाटतात, दात उशिरा येताहेत, मुडदूस असावा असं वाटतंय, तर एक्स-रेच लागतो. वाढीच्या जागेवर हाडाची कड वाटीसारखी खोलगट आणि झिजल्यासारखी झाली आहे का, हे फिल्मवर स्वच्छ दिसतं. हातपाय धडाच्या मानाने आखूड वाटत असतील, तर हाडांच्या घडणीचा आजार शोधायला एकाहून जास्त एक्स-रे लागतील, त्याला पर्याय नाही. आणि चार-पाच वर्षांपुढच्या मुलाचं हाडांचं वय काढायचं असेल, तर सोनोग्राफीचा नाद सोडाच. त्या वयात नुसता ठिपका आहे की नाही हा प्रश्न उरत नाही. त्याचा आकार, कडा, दांड्याशी असलेलं अंतर पाहायचं असतं, आणि मोठ्या झालेल्या केंद्राची मागची बाजू सावलीत जाते. प्रोबला दिसते ती फक्त पुढची कड.

उंचीशिवाय आणखी एका कारणाने बोन एज सांगतात: छोट्या मुलीला दोन वर्षांच्या आत छातीत गाठीसारखं काही लागतं आणि घर हादरतं. बहुतेक वेळा ती नुसती लवकर आलेली स्तनवाढ असते, आपोआप बसते. उंची झपाट्याने वाढत नसेल, हाडांचं वय पुढे गेलेलं नसेल आणि पोटाच्या सोनोग्राफीत गर्भाशय वयाला साजेसं छोटं असेल, तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. इथे गर्भाशयाची सोनोग्राफी आणि हाडांचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सोनोग्राफी झाली’ म्हणजे दोन्ही झाल्या असं धरू नका.

सोनोग्राफीला जाताना काय करायचं? उपाशी ठेवायची गरज नाही. उलट बाळाचं पोट भरलेलं, झोप झालेली असावी. भूल लागत नाही. पाजत पाजतही काम होतं. बाळ आईच्या मांडीवर, डावा हात छोट्या उशीवर पालथा, त्यावर जेल. जेल गार असतं म्हणून बाळ दचकतं; थोडं कोमट करून लावा म्हणून सांगा, बहुतेक ठिकाणी करतात. वरच्या थरातलं बारीक पाहायचं असल्याने जास्त फ्रिक्वेन्सीचा, सपाट तोंडाचा लिनिअर प्रोब लागतो. पोटाच्या सोनोग्राफीचा गोल तोंडाचा प्रोब इथे कामाचा नाही. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारून घ्या: ‘लहान बाळाच्या गुडघ्याची आणि हाताची हाडांच्या वयासाठी सोनोग्राफी करता का?’ उत्तरात चाचपडणं ऐकू आलं तर दुसरीकडे पाहा. या तपासणीत यंत्रापेक्षा माणूस महत्त्वाचा. एकाच बाळाचं दोन जणांनी केलेलं माप वेगळं येऊ शकतं, आणि एक्स-रेच्या फिल्मसारखं ते नंतर दुसऱ्या डॉक्टरांना पुन्हा वाचताही येत नाही. प्रोब ज्या कोनात धरला होता, तो कोन त्या दिवशीच संपतो.

काही पालक विचारतात, बालरोगतज्ज्ञ स्वतःच्याच दवाखान्यात छोटं यंत्र ठेवून का पाहत नाहीत? आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा आहे, आणि महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. त्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत केंद्रातच, ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरांच्या हातात राहतं. खिशातला प्रोब काढून ओपीडीत पाहणं इथे चालत नाही. हा जाच वाटेल, पण त्यामागचं कारण आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. या कायद्याखाली केंद्रात भरायचा फॉर्म एफ गरोदर स्त्रीसाठी असतो. बाळाच्या गुडघ्यासाठी तो भरायची गरज नाही.

रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी पाहा. बाळाची जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी हे बरोबर लिहिलंय का? मुलींची हाडं पुढे असतात, त्यामुळे इथे चूक झाली तर सगळा अर्थच बदलतो. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर ते रेडिओलॉजिस्टला सांगितलं होतं का? बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या गुडघ्यात जन्मतः केंद्र नसणं हे अगदी नॉर्मल. दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वय धरूनच तुलना करावी लागते, म्हणजे किती आठवडे आधी आलं तेवढे वजा करून. आणि तिसरं, आकड्यासोबत चूक किती धरायची ते. ग्रॉयलिक-पाइलच्या मापदंडात एक वर्षाच्या मुलात सुमारे दोन महिने आणि दोन वर्षांच्या मुलात सुमारे चार महिने इकडेतिकडे होणं नेहमीचंच. त्याच्या दुप्पट फरक पडला तर डॉक्टर भुवया उंचावतात. दोन वर्षांच्या मुलाचं हाडांचं वय वीस महिने आलं म्हणून रात्रीची झोप घालवू नका. चौदा महिने आलं तर मात्र कारण शोधायलाच हवं.

ते कारण शोधताना हाडांचं वय एकटं कधीच पुरत नाही. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित माप आहे लांबी. दोन वर्षांच्या आत बाळ आडवं ठेवून, इन्फँटोमीटरवर, दोघांनी मिळून मोजायचं असतं: एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून पायाची फळी लावायची. बऱ्याच ठिकाणी टेबलावर बाळ ठेवून टेप ओढतात. मग एकदा ७४ सेंटिमीटर, महिन्याने ७३. बाळ काही आटलेलं नसतं. दोन वर्षांनंतर उभं करून मोजलं की माप सुमारे ०.७ सेंटिमीटरने कमी भरतं, तिथेही पालक घाबरतात. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात दहा-बारा. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात. त्यासाठीच्या सहा देशांतल्या बालकांत दिल्लीचीही होती. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते आहेत, आणि त्यांच्या मागचं बरंच काम पुण्यातल्या जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत झालं आहे. अंगणवाडीचं किंवा लसीकरणाचं कार्ड शोधून काढा. त्यात दोन-तीन जुनी मापं असतील तर ती एका बोन एजपेक्षा जास्त मोलाची आहेत. आईबाबांची उंचीही घेऊन जा. मुलासाठी दोघांच्या उंचीच्या बेरजेत १३ सेंटिमीटर मिळवून निम्मे करायचे, मुलीसाठी १३ वजा करून निम्मे; घराण्याची अपेक्षित उंची साधारण त्या आसपास. पण बाबांची ‘पाच-आठ’ ही लग्नाच्या बायोडेटातली उंची सांगू नका, भिंतीला पाठ लावून खरी मोजा.

दत्तक घेतलेल्या बाळाच्या पालकांसाठी वेगळं सांगायला हवं. जन्माची कागदपत्रं नसलेल्या मुलाचं वय ठरवताना २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा पालिकेचा दाखला पाहतात, आणि तो नसेल तरच हाडांच्या चाचणीसारख्या वैद्यकीय तपासणीकडे वळतात. शिशुगृहात आलेल्या बाळाची जन्मतारीख अनेकदा अशी अंदाजाने पडलेली असते. आता अडचण अशी की कुपोषण झालेल्या बाळाची हाडं मागे असतात. म्हणजे चाचणी त्याला खऱ्या वयापेक्षा लहान ठरवते, तेच वय कागदावर चढतं, आणि पुढे तक्त्यात ते मूल उंच, बोलण्यात हुशार, दात लवकर आलेलं असं दिसू लागतं. चांगलं खायला मिळालं की हाडं भराभर भरपाई करतात, मग वर्षभरात ‘हाडांचं वय पुढे गेलं’ म्हणून नवी शंका. अशा घरात बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की कागदावरची तारीख अंदाजाची आहे. एरवी सगळे आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो.

पुन्हा चाचणी कधी? उपचार चालू असतील तर साधारण सहा महिने ते वर्षाने, नुसतं लक्ष ठेवायचं असेल तर वर्षाने. त्याआधी हाडांत मोजण्याजोगा फरक पडतच नाही, पडला तर तो मापाच्या चुकीत बुडतो. सोनोग्राफी केली असेल तर पुढची त्याच केंद्रात, शक्यतो त्याच डॉक्टरांकडून करा आणि अस्थिकेंद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये रिपोर्टवर लिहून मागा. नुसत्या ‘वयानुरूप’ या शब्दाचा पुढच्या वर्षी काही उपयोग नाही. एक्स-रे असेल तर फिल्म आणि सीडी दोन्ही जपून ठेवा. सोनोग्राफीची चित्रं मात्र थर्मल कागदावर छापतात. उन्हात, गरम कपाटात ती पुसट होत जातात, काहींचा तर वर्षभरात कोरा कागद उरतो. म्हणून केंद्रातून बाहेर पडायच्या आधीच मोबाइलवर त्यांचे सरळ, उजेडात फोटो काढून ठेवा, त्यातली मापं वाचता येताहेत ना हे मोठं करून बघा, आणि बाळाच्या नावाच्या फोल्डरमध्ये तारखेसकट टाका.